फायब्रोमायल्जिया निघालंय, आता रोजचं कसं निभवायचं?

सुदामानगरची · ८ ऑगस्ट, रात्री ११:२०

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय ४४. इंदुरात प्राथमिक शाळेत शिकवते. घरी सासूबाई, हे आणि बारावीतला मुलगा. अडीच वर्षांपूर्वी मान आणि खांदे धरायला लागले. फळ्यावर लिहून हात भरून येत असतील म्हणून अंगावर काढलं. मग कंबर, मांड्या, कोपरं, असं करत सगळं अंगच ठणकायला लागलं. सकाळी उठताना वाटतं, रात्रभर कुणीतरी धोपटण्याने बडवलंय. झोपते आठ तास, पण झोप झाल्यासारखी वाटत नाही. शब्द आठवत नाहीत. परवा हातात डस्टर धरून उभी होते आणि 'डस्टर' हा शब्दच सापडेना. मुलं बघत राहिली.

पाच डॉक्टर झाले. हाडांचे, नसांचे, पोटाचेसुद्धा. रक्ताच्या तपासण्या झाल्या: ईएसआर, सीआरपी, थायरॉइड, आरए फॅक्टर, एएनए, सगळं नॉर्मल. व्हिटॅमिन डी कमी होतं, ते भरून काढलं तरी दुखणं जिथल्या तिथे. एका मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, "मॅडम, रिपोर्ट एकदम क्लिअर आहेत, जरा मन रमवा कशाततरी." त्या दिवशी रिक्षात बसून रडले. रिपोर्ट चांगले आलेत हे घरी कोणत्या तोंडाने सांगू, असं झालं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाऊण तास दिला. माणसाच्या आकृतीचा कागद देऊन गेल्या आठवड्यात जिथे जिथे दुखलं त्या जागा रंगवायला सांगितल्या. १९ पैकी १३ निघाल्या. थकवा, झोप, विसरभोळेपणा यांचे वेगळे गुण मांडले. एकेक सांधा दाबून सूज नाही ना ते बघितलं. मग म्हणाले, "फायब्रोमायल्जिया आहे. दुखणं खरं आहे. यात सांधे झिजत नाहीत. पण हे पूर्ण जाईलच असं मी सांगणार नाही."

पहिलं ऐकून हलकं वाटलं. शेवटचं अजून घशाखाली उतरत नाही.

ड्युलॉक्सेटिनची कमी ताकदीची गोळी सुरू आहे, मळमळतं. ३१ तारखेला महालक्ष्म्या येतायत. आमच्याकडे सोळा भाज्या, पुरण, चाळीसेक पान. आजवर सगळं मी आणि जाऊबाईंनी केलंय. यंदा कसं करू? शाळेत सांगू का? ज्यांना हे आहे ते रोजचा दिवस कसा काढतात, तेवढं सांगा.

किल्ल्याच्या पायथ्याशी · ९ ऑगस्ट, सकाळी ६:०५

ताई, मी ग्वाल्हेरची, लष्कर भागातली. २०१४ साली निदान झालं. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी अंगठ्याने १८ ठरावीक जागा दाबून बघितल्या होत्या. त्यातल्या ११ दुखल्या आणि तीन महिन्यांहून जास्त दिवस सगळं अंग दुखत असेल तर निदान पक्कं, अशी ती १९९० ची पद्धत. तुम्हाला दिलेला कागद नंतरचा.

पहिली दोन वर्षं मी एकच चूक पुन्हा पुन्हा केली, ती आधी सांगते. आठ दिवसांत एक दिवस बरा उजाडायचा. त्या दिवशी मी कपाटं आवरायची, पापड लाटायची, बाजार करायची, राहिलेल्या सगळ्या भेटी उरकायची. वाटायचं, आज अंग साथ देतंय तर घ्या करून. मग चार दिवस पडून. पाचव्या दिवशी जरा बरं वाटलं की पुन्हा तेच. घरच्यांना वाटायचं, हिचं मनावर आहे, परवा तर पळत होती.

दुखऱ्या दिवशी काय करायचं ते अंगच सांगतं. बऱ्या दिवशी किती करायचं ते मात्र आपल्याला ठरवावं लागतं, आणि ते फार जड जातं. माझ्याकडे जुन्या डायऱ्या आहेत. रोज दोन ओळी लिहायचे: काल काय केलं, आज अंग कसं. तीन महिन्यांनी दिसायला लागलं की सलग पाऊण तासाहून जास्त उभी राहिले की तिसऱ्या दिवशी भोगते. दुसऱ्या नाही, तिसऱ्या. डायरी नसती तर हे मला कधीच कळलं नसतं.

डिसेंबरात तानसेन समारोह असतो. पूर्वी समाधीपाशी थंडीत मध्यरात्रीपर्यंत बसायची. आता एक सभा ऐकते. शालीत गरम पाण्याची पिशवी, पाठीला उशी, आणि मनात कितीही असलं तरी ठरल्या वेळी उठते. उठताना वाईट वाटतं, अजूनही वाटतं. पण दरवर्षी जाते.

देवासचा फिजिशियन · ९ ऑगस्ट, दुपारी ३:४०

संधिवाताचा तज्ज्ञ नाही, पण असे रुग्ण बरेच बघतो.

रिपोर्ट नॉर्मल आणि दुखणं एवढं, हे कसं, असं प्रत्येक जण विचारतो. २००२ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसं घेतली, अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचा एमआरआय काढला. ज्या हलक्या दाबाने रुग्णांना चांगलंच दुखलं, मेंदूत तशा खुणा उमटल्या, तेवढ्या दाबाने निरोगी माणसांना जेमतेम जाणवलं. त्यांना तितकं दुखायला दाब बराच वाढवावा लागला. म्हणजे दुखणं कल्पनेतलं नाही. बिघाड स्नायूत किंवा सांध्यात नसून वेदनेचा निरोप वाहून नेणाऱ्या आणि वाचणाऱ्या यंत्रणेत आहे. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत तो दिसत नाही. त्या तपासण्या दुसरं काही नाही ना, हे बघण्यासाठी असतात, म्हणून त्या करायला हव्यातच.

१९०४ साली या दुखण्याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं गेलं, म्हणजे तंतूंची सूज. पुढे सूज सापडेना, तेव्हा १९७६ मध्ये 'फायब्रोमायल्जिया' हे नाव आलं. सूजच नाही म्हणून सुजेवरच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या आणि स्टेरॉइड यात फारसे उपयोगी पडत नाहीत. वर्षानुवर्षं त्या गोळ्या खाऊन पोट आणि किडनी बिघडवून घेतलेले लोक माझ्याकडे येतात.

उपयोगी पडतात ती औषधं नसांच्या निरोपावर काम करणारी: रात्रीची कमी डोसातली अमिट्रिप्टिलिन, प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, मिल्नासिप्रान. अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळालेलं पहिलं औषध प्रीगाबालिन, २००७ साली. सगळ्यांना सगळी लागू पडत नाहीत, आणि लागू पडली तरी दुखणं कमी होतं, नाहीसं होत नाही. ड्युलॉक्सेटिनची मळमळ बऱ्याच जणांची दोनेक आठवड्यांत ओसरते, जेवणानंतर घ्या. मनाने बंद करू नका, कमी करायची तरी डॉक्टरांना विचारून हळूहळू.

आणखी एक. नाव मिळालं म्हणून पुढचं प्रत्येक दुखणं याच खात्यात टाकू नका. सांध्याला दिसणारी सूज, ताप, वजन उतरणं, हातापायातली ताकद जाणं, असं काही आलं तर नव्याने तपासणी हवी. घोरत असाल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकत असेल तर त्याचा वेगळा इलाज आहे.

रामबागेतली जुनी · ९ ऑगस्ट, रात्री ९:१५

सुदामानगरची, तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते.

आपल्याकडे इंदुरात नर्मदेचं पाणी येतं एक दिवसाआड. जलूदहून एवढा घाट चढून येतं, म्हणून आपण कधी नळाला दोष देत नाही. टाकी भरून घेतो आणि बघून वापरतो. आज टाकी भरली म्हणून कुणी अंगण धूत बसत नाही, उद्या नळ नाही हे माहीत असतं. पाहुणे येणार असले तर आदल्या दिवशी कपडे भिजवत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला हेच आहे. तिला मी एवढंच म्हणते, बाई, आज टाकी किती आहे ते बघ आणि मग पदर खोच.

पोहेवाला · १० ऑगस्ट, सकाळी ८:३०

माझ्या मावशीला उज्जैनकडच्या एका वैद्यांच्या पुड्यांनी आठ दिवसांत फरक पडला होता. नंबर हवा असेल तर पाठवतो.

देवासचा फिजिशियन · १० ऑगस्ट, सकाळी ९:१०

तुम्ही आपुलकीने लिहिलंत, पण पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर कृपया नको. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची प्रकरणं आहेत. अंगदुखी आठ दिवसांत गायब झाली की पहिली शंका तीच येते. स्टेरॉइडने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि ते एकदम थांबवलं तर जिवावर बेततं. मावशी अजून घेत असतील तर तुमच्या डॉक्टरांना पुडी दाखवा. त्यांनी स्वतःहून बंद करू नये.

पोहेवाला · १० ऑगस्ट, सकाळी ११:५५

मावशीचा चेहरा गोल झालाय, आम्हाला वाटलं तब्येत सुधारली. आजच घेऊन जातो. आभार.

सयाजीबागेपाशी · ११ ऑगस्ट, दुपारी १:२०

मी वडोदऱ्याची, फिजिओथेरपिस्ट. दांडिया बाजारातल्या आपल्या बायका माझ्याकडे येतात आणि पहिलं वाक्य तेच असतं: "व्यायाम केला आणि जास्तच दुखलं, मी सोडून दिला."

युरोपच्या संधिवात-तज्ज्ञांच्या संघटनेने तोवर झालेले अभ्यास चाळून २०१६ साली शिफारशी नव्याने मांडल्या. त्यात ठामपणे एकाच गोष्टीची बाजू घेतली, व्यायामाची. औषधांचीसुद्धा तेवढी नाही. पण सगळं अडतं ते मात्रेवर. या आजारात निरोगी माणसाच्या मात्रेने सुरुवात केली की अंग बंड करतं, आणि बाई कायमची धसका घेते.

पाच मिनिटांपासून सुरू करा. खरंच पाच. सपाट रस्ता, बरी चप्पल, घाम यायची गरज नाही. बरा दिवस असला तरी पाच, वाईट असला तरी जमेल तर पाच. आठवडाभर निभलं तर सहा. दुसऱ्या दिवशी दुखणं नेहमीपेक्षा जास्त चढलं तर एक पायरी खाली या, बंद करू नका. कोमट पाण्यातला व्यायाम छान मानवतो, पण तशी सोय किती जणींना मिळणार? २०१८ साली २२६ रुग्णांवरचा एक अभ्यास आला होता. त्यात ताई ची हा चिनी संथ व्यायाम करणाऱ्यांना नेहमीच्या एरोबिक व्यायामाइतका किंवा थोडा जास्तच फायदा झाला. आमच्याकडे तो शिकवणारं कुणी नाही. मी सूक्ष्म हालचाली आणि श्वास एवढंच घेते, सावकाश. सूर्यनमस्काराचा हट्ट पहिल्या सहा महिन्यांत नको.

आमच्याकडे नवरात्रात नऊ रात्री गरबा. एका पेशंटला अजिबात जाऊ नको म्हटलं असतं तर ती घरात बसून झुरली असती. आम्ही तीन रात्री ठरवल्या, मध्ये दोन दोन दिवस सोडून, आणि दर वेळी वीस मिनिटं. या तीन रात्री सोडून एकदा मैत्रिणींनी ओढलं तेव्हा ती खुर्चीवर बसून टाळ्या देत होती. तिने मला फोटो पाठवला होता.

शाळेचं म्हणाल तर फळ्यावर खांद्याच्या वर हात नेऊन लिहिणं कमी करा. फळ्याचा खालचा अर्धा भाग वापरा. उंच स्टूल मागून घ्या.

बाविशीतला · ११ ऑगस्ट, रात्री ११:५०

मला हे आहे. मुलगा आहे म्हणून कुणी धड विश्वास ठेवत नाही. एका डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं की हा बायकांचा आजार. बायकांमध्ये जास्त दिसतो हे खरं, पण होतो सगळ्यांना. हॉस्टेलवर मित्रांना वाटतं मी कामचुकार आहे. एवढंच लिहायचं होतं.

किल्ल्याच्या पायथ्याशी · १२ ऑगस्ट, सकाळी ६:१०

बाळा, आम्ही ठेवतो विश्वास. झोपेचं आधी बघ. हॉस्टेलवर रात्री दोन-तीनपर्यंत जागरणं चालतात, माझा मुलगा राहिलाय. १९७५ सालचा एक जुना प्रयोग मला डॉक्टरांनी सांगितला होता. धडधाकट माणसांची फक्त गाढ झोप काही रात्री मोडत राहिले, तर त्यांचंही अंग असंच दुखायला लागलं. झोप मोडते म्हणून दुखतं, दुखतं म्हणून झोप मोडते. हे चक्र कुठूनतरी तोडायचं, तर झोपेकडून तोडणं मला सोपं गेलं. रोज उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. आणि इथे येऊन लिहीत जा.

एक नवरा, तिलक नगर · १३ ऑगस्ट, रात्री १०:३०

बायकोला चार वर्षांपासून आहे. मी सुरुवातीला दर अर्ध्या तासाने विचारायचो, "बरं वाटतंय का?" तिला बरं वाटत नसायचं आणि मला वाईट वाटू नये म्हणून ती हो म्हणायची. म्हणजे माझ्या विचारण्याचं ओझंही तिच्याच डोक्यावर. हे तिने मला दोन वर्षांनी सांगितलं.

आता विचारत नाही. सकाळचा चहा, कणीक भिजवणं, गॅसवरून कुकर उतरवणं आणि गादीवरच्या चादरी ही कामं माझी, कायमची. ती बरी असली तरी माझीच. "मदत करतो" म्हटलं की काम तिचंच राहतं आणि तिला मागावं लागतं.

सुदामानगरच्या ताई, यजमानांना हा धागा वाचायला द्या.

सुदामानगरची · १७ ऑगस्ट, दुपारी ४:००

सगळ्यांचे निरोप दोन-तीनदा वाचले. ह्यांनाही दिले. काही बोलले नाहीत, पण काल सकाळी कणीक भिजवलेली होती. सैल होती. मी तशाच पोळ्या केल्या.

शाळेत सांगितलं. आधी अपंगत्वाचा दाखला मिळतो का ते बघत होते. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत फायब्रोमायल्जियाचं नाव नाही, म्हणून तो नाद सोडला. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. उत्तर आलं, "दुखतं सगळ्यांनाच, आम्हीपण उभंच राहतो." फार लागलं. पण स्टूल मिळालं, आणि वरच्या मजल्यावरचा एक तास खाली आणून दिलाय. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज न सांगता फळा पुसून ठेवते.

रामबागेतल्या काकू, तुमची टाकी मी सासूबाईंना वाचून दाखवली. निदान त्यांना आम्ही दोनदा समजावलं होतं, त्या "हं" म्हणून गप्प बसत होत्या. हे ऐकल्यावर म्हणाल्या, "असं होय. मग महालक्ष्म्यांना टँकर मागवावा लागेल." दुसऱ्या दिवशी त्यांनीच जाऊबाईंना आणि वन्संना फोन लावला.

सुदामानगरची · ३ सप्टेंबर, रात्री ८:४५

महालक्ष्म्या काल उठल्या.

सोळा भाज्या झाल्या, पण माझ्या हातच्या दोनच. बाकीच्या वाटून दिलेल्या. वन्सं येताना चार डबे घेऊन आल्या. पुरण सासूबाईंनी ओळखीच्या बाईंकडून वाटून आणलं. इतक्या वर्षांत आमच्याकडे बाहेरचं पुरण पहिल्यांदा आलं, आणि ते त्यांनी स्वतः ठरवलं. पानं चाळीसची बावीस केली. हा निर्णय घेताना घरात दोन दिवस अबोला होता, तेही लिहिते. ज्यांना बोलावणं गेलं नाही त्यातल्या एक आजेसासूबाई रुसल्यात.

मुखवटे मी बसवले. साड्या मी नेसवल्या. ते मला कुणाला द्यायचं नव्हतं. त्याला दीड तास लागला, मध्ये दोनदा पाठ टेकली. जेवणाच्या दिवशी दुपारी पंगत बसलेली असताना आतल्या खोलीत वीस मिनिटं पडले. बाहेरून कुणीतरी विचारलं, "सूनबाई काय करून राहिलीय?" सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सांगण्यावरून पडलीय." दाराआड मी ते ऐकलं.

आज तिसरा दिवस. ग्वाल्हेरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आजच अंग चढलंय. खांदे, पोटऱ्या, जबडासुद्धा. पण अंथरुणाला खिळले नाही, गेल्या वर्षी पाच दिवस खिळले होते. शाळेत गेले, स्टूलावरून शिकवलं.

चालणं सात मिनिटांवर आलंय. मळमळ गेली. सकाळी उठताना किंचित गरगरतं.

सयाजीबागेपाशी · ३ सप्टेंबर, रात्री ९:३०

या आठवड्यात सातचे आठ करू नका. सणाच्या आठवड्यात जिथे आहात तिथेच थांबायचं. गरगरण्याचं डॉक्टरांना नक्की सांगा. तोवर उठताना आधी कुशीवर, मग काठावर बसून दहा आकडे मोजून उभ्या राहा.

बाविशीतला · ४ सप्टेंबर, रात्री १:१०

काकू, दाराआडचं वाचून बरं वाटलं. मी आईला फोन करून नीट सांगितलं. आधी फक्त पाठ दुखते एवढंच सांगितलं होतं. ती पुढच्या आठवड्यात येतेय.

(हो, एक वाजलाय. झोपतो.)

सुदामानगरची · ७ सप्टेंबर, सकाळी १०:१५

काल अनंत चतुर्दशी. लग्न होऊन आले तेव्हापासून गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, मी कधी चुकवल्या नाहीत. माझे सासरे कापड गिरणीत होते. ते असताना आम्ही सगळे रात्रभर रस्त्यावर, पहाटे राजवाड्याला पोहोचायचो. गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, तरी कामगार झांक्या काढतात. त्या बघायच्याच, असं सासरे म्हणायचे.

यंदा जेल रोडवर ह्यांच्या मित्राच्या गॅलरीत खुर्ची मांडून ठेवली होती. दुपारी दीड तास झोपून घेतलं, स्वयंपाक केला नाही. सगळ्या झांक्या पुढे सरकेपर्यंत थांबता आलं नाही. पहिल्या काही बघितल्या, दिव्यांनी डोळे भरले, आखाड्यातली पोरं दांडपट्टा फिरवत गेली. साडेअकराला ह्यांनी घड्याळ दाखवलं आणि आम्ही निघालो. मुलगा मागे थांबला. आजोबांच्या गिरणीची झांकी उशिरा आली, ती त्याने मोबाइलवर दाखवली मला, सकाळी चहाबरोबर.

आज रविवार, तरी नेहमीच्याच वेळी उठले. मान जड आहे. सात मिनिटं चालून आले, आठ नाही. १८ तारखेला डॉक्टरांकडे जायचंय, गरगरण्याचं आणि जबड्याचं कागदावर लिहून ठेवलंय. काय म्हणतात ते इथे लिहीन.

पोहेवाले दादा, मावशी कशा आहेत?